मला उतरवायचा कट

अर्धं ऐकलेलं वाक्य मला नेहमीच पुरतं. उरलेलं अर्धं मी स्वतः तयार करतो, आणि ते मूळ वाक्यापेक्षा जास्त पटतं.

सांगलीत हळदीच्या पेठेत एका अडतीवर मी कारकून होतो. लढाईचे दिवस, रॉकेल रेशनवर, आणि अशात आम्ही हौशी मंडळींनी एक संगीत नाटक बसवायला घेतलं होतं. नायक मी. नायिका म्हणजे शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. अंगानं रुंद, पण पदर असा सावरायचे की बायकांनी बघून शिकावं. तालमीबाहेरही सगळे त्यांना बाईसाहेब म्हणत आणि ते मला नाथ म्हणत. खलनायक मिरजेच्या एका दवाखान्यात कंपौंडर होता. पायपेटीवर स्टेशनातले एक म्हातारे बुकिंग क्लार्क, ते सगळ्यांचे काका. तबल्याला कराडजवळच्या मलकापूरचा एक बागायतदार; त्याच्या उसाला पाणी द्यायची पाळी आली की आमची तालीम बिनातालाची व्हायची. आणि या सगळ्यांवर चिटणीस म्हणून एक वकील, ज्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि म्हणूनच निर्णय तेच घेत.

मी काळी तीनमध्ये गात असे. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. ज्यांना पेटी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: गाणारा आपला 'सा' पेटीच्या ज्या पट्टीवर धरतो ती त्याची पट्टी, आणि पट्टी जितकी वरची तितका गडी मोठा, असा तेव्हाचा हिशेब. काळी तीन पुरुषाला चांगलीच उंच. लोकांना पदाचे शब्द कळले नाहीत तरी चालायचं, पण कोणत्या पट्टीत गायला हे दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात बोललं जायचं.

नाटकाचा पहिला प्रयोग सांगलीत नव्हता, साताऱ्यात होता. सातारा माझं गाव. तिथल्या शाळेच्या संमेलनात मी एकदा पद म्हणायला उभा राहिलो होतो आणि वरच्या सुरावर माझा आवाज असा चिरकला की सबंध सभागृहानं मिळून कोंबड्यासारखं आरवून मला साथ दिली. त्यानंतर मी पेठेतून चाललो की एखाद्या दुकानातून हळूच 'कुकूच कू' यायचं. वडिलांनी त्या दिवसापासून माझ्या गाण्याचा विषय काढला नव्हता. त्यांना स्वतःला गाण्याचा कान होता, म्हणून जास्तच. आता ते प्रयोगाला येणार होते. निरोप आला होता: 'येईन.' एवढंच. तेव्हा साताऱ्यात आवाज फुटता कामा नये, एवढी एकच गोष्ट मला त्या वर्षी हवी होती.

आवाजासाठी मी कच्ची अंडी खायला लागलो. ज्या वाड्यात माझी खोली होती तिथं अंड्याचं नावही काढत नसत, म्हणून हे औषध मी तालमी होत त्या शाळेत, लवकर जाऊन, जंगलाच्या रंगवलेल्या पडद्यामागे उभा राहून घेत असे. एका संध्याकाळी असंच अंडं तोंडात रिकामं केलं आणि पलीकडे पावलं वाजली. वकीलसाहेब, काका आणि कंपौंडर. तोंड भरलेलं, त्यामुळे हाक मारता येईना आणि गिळायचं धैर्य होईना.

वकीलसाहेब म्हणाले, "मग साताऱ्याच्या आधी त्याला उतरवायचंच ना?"

काका म्हणाले, "उतरवू. पण हळूहळू. त्याला कळलं तर बिथरेल."

"कळणार नाही," कंपौंडर म्हणाला. "आणि कळलंच तर मी आहे."

अंडं आपोआप खाली गेलं.

उतरवणं या शब्दाचा मी त्या रात्री अंथरुणात सर्व बाजूंनी विचार केला. विमा उतरवतात, तो माझा कोण उतरवणार. दृष्ट उतरवतात, पण मला कुणाची दृष्ट लागावी असं मलाही वाटत नव्हतं. राहिलं काय, तर घोड्यावरून उतरवणं. नायकाच्या जागेवरून खाली. आणि 'मी आहे' म्हणणारा कंपौंडर माझ्या जागी. त्याला मी माझी पदं गुणगुणताना ऐकलंच होतं. खलनायकाला नाटकात एकही पद नव्हतं. मग हा कशाला गुणगुणतो?

एकदा संशय धरला की पुरावे चालत येतात. दुसऱ्याच दिवशी काकांनी पेटी फिरवली. इतके दिवस पट्ट्या आमच्या बाजूला असायच्या, आता पेटीची पाठ आमच्याकडे आणि काका भिंतीला टेकून.

"काका, पेटी का हो फिरवली?"

"उजेड डोळ्यांवर येतो."

खोलीत एकच कंदील होता आणि तो आधी त्यांच्या मागे होता, आता समोर.

चार दिवसांनी तबलजीनं नवा तबला आणला. आधीच्यापेक्षा तोंडानं चांगलाच मोठा. मी विचारलं तर म्हणाला, "जुन्याची पुडी फाटली की वं." जुना तबला कोपऱ्यात पालथा ठेवला होता. मी तो उलटा करून बघितला, पुडी म्हणजे वरचं कातडं, ते धडधाकट. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं छताकडे पाहिलं.

आणि बाईसाहेब एकाएकी फार गोड वागायला लागले. "नाथ, खडीसाखर घ्या." "नाथ, वाऱ्यात बसू नका." जन्मात कुणाला सुपारीचं खांड न देणारा माणूस. मी खडीसाखर घ्यायचो आणि खिशात टाकायचो. न जाणो.

यातली गंमत अशी की माझा आवाज मात्र उघडत चालला होता. आधी जिथं मान ताणावी लागायची तो सूर आता सहज लागायचा. आठवड्या-आठवड्यानं जास्तच सहज. मी मनात म्हटलं, तुम्ही कट करा, अंडी माझ्या बाजूला आहेत. एका तालमीला तर मी वरच्या षड्जावर इतका वेळ उभा राहिलो की स्वतःलाच कंटाळा आला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काका, काळी तीन आता मला खाली वाटते. साताऱ्यात काळी चार करू या का?"

काकांना खोकला आला. तबलजी पाणी प्यायला बाहेर गेला. कंपौंडर मिशी लावून बघत होता, ती त्यानं उलटी लावली. मी समजलो की माझ्या प्रगतीनं त्यांचं धाबं दणाणलंय.

मग माझ्या डोक्यात आलं की हे मला साताऱ्यातच उतरवणार. रंगमंचावर. काका ऐन वेळी भलताच सूर देणार, मी फुटणार, गाव आरवणार, आणि पुढच्या प्रयोगाला कंपौंडर नायक. याला उपाय एकच: माझा सूर माझ्याजवळ हवा.

एका रविवारी मी मिरजेला गेलो. तिथं सतार-तंबोरे करणाऱ्यांची आळीच आहे. एका म्हाताऱ्या कारागिराकडून एक तंबोरा चार दिवसांच्या बोलीनं मागितला आणि म्हटलं, "काळी तीनमध्ये लावून द्या."

त्यानं माझ्यामागे कुणी आहे का पाहिलं. "बाईंसाठी का?"

"नाही. मला गायचंय."

"तुम्हाला," तो म्हणाला, आणि तारा चढवायला बसला. चढवताना दोनदा माझ्या गळ्याकडे बघितलं, दोरी किती लागेल याचा अंदाज घेतल्यासारखं.

खोलीवर आल्यावर मी तंबोऱ्याशी गाऊन पाहिलं आणि आवाज वर जाईना. तालमीत जो सूर लोण्यासारखा लागायचा तो इथं चिमट्यानं धरून आणावा लागला. कुणीही शहाणा माणूस इथं थांबला असता आणि का बरं असं, असा विचार केला असता. मीही केला. मी ठरवलं की मिरजेचा कारागीर कंपौंडरला सामील आहे. दोघं एकाच गावचे. पण मग तंबोरा नेलाच का? तर तारा मी स्वतः पुन्हा तपासून घेतल्या, शेजारच्या देवळातल्या भजनी पेटीशी. काळी तीनच होती. म्हणजे तंबोरा खरा, आणि तो एक दिवस माझा गळाच बसला असणार, कारण त्या दिवशी अंडं मिळालं नव्हतं. संशयी माणसाला स्वतःचा संशय कधी येत नाही.

तंबोरा छेडायला मला निष्ठावान माणूस हवा होता. माझ्या खोलीत माण तालुक्याकडचा एक गडी राहायचा, हळदीच्या वखारीत मुकादम. दुष्काळी मुलखातला, बोलण्यात पाण्याइतकीच काटकसर. गाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, म्हणजे फितूर व्हायचीही सोय नव्हती.

"ह्या चार तारा. एकामागून एक. मी गायला लागलो की सुरू करायचं."

"बरं."

"काही झालं तरी थांबायचं नाही. कुणी काही म्हणो."

"न्हाई थांबत."

साताऱ्याला जाताना सर्व्हिस मोटारीत मंडळींनी विचारलं, हे गोधडीत काय गुंडाळलंय. मी म्हटलं, वडिलांचा तंबोरा, दुरुस्त करून नेतोय. बाईसाहेब म्हणाले, "नाथ, तुमचे वडील गातात हे कधी बोलला नाहीत." कंपौंडर गोधडीकडे बघत राहिला. कराडच्या पुढं गेल्यावर तो हळूच म्हणाला, "जपून हां. चढ्या तारा तुटतात." मला ती धमकी वाटली.

त्या दिवसांत साताऱ्यात रात्रीचा जमाव सरकारला चालत नसे. पोलीस भूमिगतांच्या मागावर, त्यामुळे जो तो दुसऱ्याकडे तिरका बघायचा, आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. नाटक भर दुपारी होतं. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं: वडील दुसऱ्या रांगेत, हात काठीवर, हनुवटी हातांवर. आणि मागच्या बाकांवर माझे शाळासोबती, ओळीनं, नाटकापेक्षा दुसऱ्याच कशाच्या तरी आशेनं आलेले.

माझा प्रवेश राजवाड्याच्या पायऱ्यांवर. बाईसाहेब खाली बागेत उभे. मी तीन पायऱ्यांच्या वर उभा राहून पहिलं पद म्हणायचं. काकांनी सूर दिला. त्याच वेळी विंगेत माझ्या मुकादमानं तारा छेडल्या.

दोन्ही सूर एकत्र आले आणि अंगावर काटा आला, तोही वाईट. एका चुलीवर दोन सासवा. पेटी कुठंतरी खाली बोलत होती आणि तंबोरा वर. झालं, मी म्हटलं, दिला काकांनी भलता सूर. अगदी मी ओळखलं होतं तसंच. मी छाती काढून तंबोऱ्याचा सूर धरला.

पहिली ओळ निभली. दुसरीला कानशिलं तापली. आणि काका पडले बिचारे इमानी. मी वर गेलोय म्हणून ते पेटीवर वर यायला लागले. नेमकं तेव्हाच माझं धैर्य खचलं आणि मी त्यांच्या पहिल्या सुराकडे खाली आलो. वाटेत आमची गाठ पडली आणि दोघंही पुढं निघून गेलो. तबलजी कुणाला धरावं ते न कळून नुसता डग्गा घुमवत राहिला. मुकादम शांतपणे छेडत होता.

मागच्या बाकावरून आलं: "कुकूच."

अजून 'कू' यायचा होता. तेवढ्यात बाईसाहेब पदर सावरत दोन पावलं पुढं आले आणि नाटकात नसलेलं वाक्य बोलले. "नाथ, इतक्या वर का उभे राहता? खाली या ना."

मला वाटलं, हा संवाद कुठला? पण बाईनं बोलावलं, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मी एक पायरी उतरलो.

"आणखी खाली," बाईसाहेब म्हणाले, आणि पदराआड दातांवर दात ठेवून, "पायरी नव्हे हो, पट्टी."

मी दुसरी आणि तिसरीही पायरी उतरून अगदी रंगमंचाच्या कडेला आलो. प्रेक्षक हसत होते. तेवढ्यात विंगेतून एक दागिने घातलेला हात आला आणि मुकादमाच्या बोटांखालच्या तारांवर सपाट बसला. कंपौंडरचा हात. तंबोरा मुका झाला. काका पुन्हा पहिल्या सुरावर आले, आणि कडेला उभा असल्यामुळे, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, मला पेटीच्या पट्ट्या दिसल्या. काकांचं बोट काळी दोनवर होतं.

काळी दोन. काळी तीनपासून मध्ये दोन पांढऱ्या सोडून खाली.

काकांनी वर माझ्याकडे बघितलं. चष्म्यातून, जरा घाबरून. तो सूर मला ओळखीचा होता. शेवटच्या तालमींत मी त्यातच राहत होतो. मी तो घेतला. गळा आपोआप उघडला, अंड्यांचा काही संबंध नव्हता. मी पद सुरुवातीपासून म्हटलं, वरच्या षड्जावर गेलो आणि तिथं उभा राहिलो. मागच्या बाकांवरून जो 'कू' यायचा होता तो आलाच नाही. एक 'वन्स मोअर' आला, आणि मी कोण ओरडलं ते बघायलाही विसरलो.

नाटक संपल्यावर रंगपटात मी तोंडाचा रंगही न पुसता उभा राहिलो. "कधीपासून?"

कंपौंडर मिशी सोडवत होता.

"काका, मी तुम्हाला विचारतोय. कधीपासून उतरवलीत?"

"एकदम नाही रे," काका म्हणाले. "अर्ध्या-अर्ध्या सुरानं. पट्ट्या दिसू नयेत म्हणून पेटी फिरवली, खालच्या सुराला तबला मोठा आणला. तुझ्या गळ्याची शीर दिसायची मला. भीती वाटायची."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू काळी चार मागितली असतीस."

"मागितलीच होती," बाईसाहेब म्हणाले आणि बांगड्या काढू लागले.

मी कंपौंडरकडे वळलो. "आणि तू? 'कळलंच तर मी आहे.' पडद्यामागून ऐकलंय मी. माझ्या जागी उभं राहायचं होतं ना तुला?"

कंपौंडर ओठावरचा डिंक खरवडत राहिला. तबलजी मात्र तबल्याला फडकं गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "आवं, तुमी निम्मंच ऐकलंसा. वकीलसायेब आधी म्हनलं व्हतं, ह्येला नाटकातनंच उतरवा न् कंपौंडरला उभा करा, सातारला त्यो फुटणार. तवा ह्यो म्हनला, माणूस न्हाई उतरवायचा, पट्टी उतरवा. न्हाईतर माझी मिशी घ्या न् दुसरा बघा."

"मग पदं कशाला गुणगुणत होतास?"

"तुला कुठल्या सुरावर जड जातं ते बघत होतो," कंपौंडर म्हणाला. "काकांना सांगायला. बरं, तोंड पूस आता, रंग ओघळलाय."

रंग ओघळला होता हे खरं. पुसायला फडकं उचललं तोच दारात काठी वाजली. वडील.

मंडळी उठून उभी राहिली. बाईसाहेबांनी, लुगड्यातच होते म्हणून असेल, पदर डोक्यावर घेतला. वडिलांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि माझ्यासमोर येऊन थांबले.

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढंच म्हणजे पुष्कळ. मग विचारलं, "पट्टी कोणती होती?"

खरं सांगावं तर इतक्या वर्षांनी पुन्हा खालीच. खोटं सांगावं तर कान त्यांचे.

"काळी तीन," कंपौंडर म्हणाला. मान वर न करता.

"काळी तीनच की वं," तबलजी म्हणाला. "लय चढतंय ह्ये."

काकांनी नुसती मान हलवली. म्हातारा माणूस, त्याला तोंडानं खोटं बोलवेना.

वडिलांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. महिनाभर मी ज्या नजरेनं या लोकांकडे पाहत होतो ती नजर मला कुठून मिळाली ते तेव्हा कळलं.

"आणि तंबोऱ्याचं काय झालं होतं?"

"उतरला होता," बाईसाहेब म्हणाले. "प्रवासात. हवेनं."

"उतरला असता तर खाली गेला असता. मला तो वर वाटला."

बाहेर घोंगड्या काढत होते, त्यांची झटकण्याची फटफट तेवढी ऐकू येत होती. मी म्हणणार होतो, 'बाबा, काळी दोन होती.' तोंड उघडलंही. वडिलांनी काठी थोडी वर केली, जशी पूर्वी माझं पाठांतर चुकायच्या आधीच करत, आणि दाराकडे वळले.

"जेवायला सगळे घरी या," ते म्हणाले. "तो तंबोरेवाला गृहस्थ कुठाय? त्यालाही आणा. आपलं ठरलेलं काम शेवटपर्यंत न बदलता करणारा तो एकटाच दिसला मला."

विंगेत जाऊन पाहिलं तर मुकादम तिथंच बसून होता, मांडीवर तंबोरा, बोटं तारांवर. मी म्हटलं, चल, जेवायला बोलावलंय. त्यानं विचारलं, "कुनी?"

"वडिलांनी."

"कशापायी?"

त्यालाही संशय आला होता.